बोट डॉक्टरकडे : गर्भलिंग चाचणीविरुद्ध महाराष्ट्राचा लढा

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं सोनोग्राफी केंद्र. बाकावर बसलेल्या बायका. भिंतीवरची पाटी.)

'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' ही पाटी आपण इतक्यांदा पाहिली आहे की आता ती वाचलीही जात नाही. आत टेबलावर एक छापील अर्ज असतो, एफ फॉर्म. गरोदर बाईचं नाव, वय, पत्ता. किती आठवडे झाले, कोणी पाठवलं. आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं काय. खाली तिची सही किंवा अंगठा : मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली डॉक्टरची सही : मी ते तपासलं नाही, कोणाला कुठल्याही प्रकारे सांगितलं नाही. महिन्याभराच्या सगळ्या तपासण्यांचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे पोचवावा लागतो.

छातीचा एक्स-रे काढताना डॉक्टरला असं काही लिहून द्यावं लागत नाही. इथे लागतं. या सहीमागे महाराष्ट्रातल्या माणसांची लढाई आहे. ती कशी उभी राहिली ते पाहायला १९७०च्या दशकात जावं लागेल.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, दिल्ली.)

गर्भजल परीक्षण भारतात आलं ते जन्मजात दोष शोधण्यासाठी. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशी तपासायच्या. पेशी तपासल्या की गर्भ मुलाचा की मुलीचा हेही कळतं. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये या चाचणीचा अभ्यास चालू असतानाच लक्षात आलं, की मुलगी आहे म्हटल्यावर बायका गर्भपात मागतात. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी १९७५ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात जे मांडलं, ते आज वाचताना अंगावर काटा येतो. त्यांचं म्हणणं असं : मुलगा होईपर्यंत जोडपी मुलं होऊ देत राहतात, लिंग आधीच कळलं, तर हे विनाकारण होणारे जन्म थांबतील.

ही माणसं आपल्या कामात प्रामाणिक होती, असंच आम्ही धरून चालतो. म्हणून तर ही गोष्ट गंभीर आहे. लोकसंख्या हाच देशाचा पहिला शत्रू, हा त्या काळाचा राजकीय विश्वास होता आणि तो दवाखान्यातही शिरला होता. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच.

सरकारी रुग्णालयांत लिंग कळण्यासाठी ही चाचणी करण्यावर १९७८ साली बंदी आली. खासगी दवाखान्यांवर मात्र बंदी नव्हती, आणि धंदा तिकडे गेला.

(दृश्य : मुंबईची लोकल, १९८०चं दशक.)

आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे लागत होत्या. १९८६ साली राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंग कळावं म्हणून ही चाचणी करत होते. आम्ही या बायकांवर उपकारच करतो आहोत, असं त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. ते म्हणत : चार मुलींच्या आईला सासरी काय भोगावं लागतं ते आम्ही रोज पाहतो. तिला पाचवी नको असेल, तर आम्ही नाही कसं म्हणायचं?

या प्रश्नाला झटकून टाकता येत नाही. समोर बसलेल्या बाईचं दुःख खरंच असतं. पण डॉक्टरने त्या दुःखावर कोणता उपाय केला? मारहाण करणारा नवरा आणि टोचून बोलणारी सासू जिथल्या तिथे राहिली. इलाज झाला तो मुलीवर. जी चाचणी कुठलाही आजार शोधत नाही, तिला वैद्यकीय सेवा म्हणता येत नाही, हे तेव्हा ठणकावून सांगायला हवं होतं. वैद्यकीय परिषदांनी ते सांगितलं नाही. ते सांगितलं स्त्री संघटनांनी, आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या थोड्या डॉक्टरांनी.

मुंबईत या सगळ्यांनी मिळून गर्भलिंग चाचणीविरोधी मंच उभा केला. विभूती पटेल, रवींद्र रु. पं. यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. दवाखान्यांसमोर निदर्शनं झाली. आईवडील आपल्या मुलींना घेऊन मोर्चात उतरले. विधानसभेत मृणाल गोरे यांनी प्रश्न लावून धरला.

मंचापुढे मात्र एक अवघड पेच होता, आणि तो आजही सुटलेला नाही. १९७१च्या कायद्याने बाईला सुरक्षित गर्भपाताची वाट मोकळी झाली होती. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, त्यावरचा तो इलाज होता. आता मुलीचा गर्भ पाडू नका असं ओरडायचं, तर उद्या कोणी गर्भपातच बंद करा म्हणेल. मग मागायचं काय? मंचाने विचारपूर्वक भूमिका घेतली : गर्भपाताला हात लावायचा नाही. बंदी मागायची ती लिंग शोधण्यावर. बोट दाखवायचं ते डॉक्टरकडे, यंत्राकडे, प्रयोगशाळेकडे, बाईकडे नाही.

आमच्या मते या लढ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

(दृश्य : विधान भवन.)

१० मे १९८८ रोजी महाराष्ट्राचा कायदा अमलात आला. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला, तो १ जानेवारी १९९६पासून लागू झाला. त्याचं कलम २४ मुद्दाम सांगायला हवं. न्यायालयाने असं गृहीत धरायचं, की चाचणी करून घेणाऱ्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली. ती स्वतःहून आली होती, हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं. मंचाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत असं उतरलं होतं.

तोवर यंत्र बदललं. गर्भजलाची सुई मागे पडली आणि सोनोग्राफी आली. ती तालुक्याला पोचली, पुढे गाडीत घालून वाडीवस्तीवरही जाऊ लागली. तोंडी किंवा लेखी काही सांगायची गरजच नाही. पेढे म्हटलं की मुलगा, बर्फी म्हटलं की मुलगी.

फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईची 'सेहत' आणि पुरंदर तालुक्यात काम करणारी 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणं साधं होतं : कायदा आहे, अंमलबजावणी नाही. ४ मे २००१ला न्यायालयाने सरकारांना खडसावलं, केंद्रांची आणि यंत्रांची नोंदणी सुरू झाली. २००३ साली कायदा दुरुस्त झाला आणि गर्भधारणेच्या आधी लिंग निवडण्याच्या तंत्रांनाही त्यात आणलं गेलं.

आकडे मात्र घसरतच होते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ला ९४६ मुली होत्या, २००१ला ९१३, २०११ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. कोल्हापूर २००१ला ८३९ इतकं खाली गेलं होतं, तिथे पुढच्या दहा वर्षांत ८६३पर्यंत सुधारणा झाली.

(दृश्य : सातारा.)

अंमलबजावणीचं खरं काम कसं चालतं, ते साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने दाखवलं. एक गरोदर बाई लागते. ती खरीच गरोदर असावी लागते, नाहीतर तपासणी होणारच नाही. तिच्याजवळच्या नोटांचे नंबर आधी लिहून ठेवायचे, पंच तयार ठेवायचे, आणि ती ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीने दवाखान्यात जाते. पोटातल्या स्वतःच्या बाळासह ती त्या टेबलावर झोपते आणि डॉक्टर काय बोलतो ते लक्षात ठेवते. पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना तिलाच साक्षीला उभं राहावं लागतं, बहुतेकदा कडेवर मूल घेऊन. सरकारी यंत्रणेचं काम एका गरोदर बाईच्या धैर्यावर चालावं, हे आम्हाला बरोबर वाटत नाही. पण तिच्यावाचून कित्येक खटले उभेच राहिले नसते.

डॉक्टरांचीही तक्रार आहे. फॉर्ममधली एक रिकामी ओळ आणि खरोखर केलेली लिंगचाचणी, दोन्हींना एकच कायदा लागतो. २०१६ साली रेडिऑलॉजिस्टनी यासाठी बंद पुकारला. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ला न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं : या गुन्ह्यात कागद सोडला तर पुरावा काय उरतो? प्रामाणिक डॉक्टरला याचा जाच होतो, हे मान्य करूनही आम्हाला न्यायालयाचं पटतं. बंद खोलीत तिघांमध्ये घडलेल्या गोष्टीचा चौथा साक्षीदार हा फॉर्मच आहे.

आणि खोली बंदच राहिली तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. मे २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ साली १० वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथेही तपासाला सुरुवात झाली ती गर्भपातात दगावलेल्या एका बाईपासून.

(दृश्य : औषधांचं दुकान. काउंटर.)

परळीनंतर मात्र लढ्याची दिशा चुकू लागली. अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांच्या तपासण्या वाढवल्या. गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब, प्रत्येक पाकिटाची चौकशी. पुष्कळ दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. आज डॉक्टरची चिठ्ठी हातात असलेल्या बाईलाही त्या सहज मिळत नाहीत.

आता वेळेचं गणित पाहा. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहेत. सोनोग्राफीत लिंग ओळखू येतं ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे ज्या बाईला या गोळ्या हव्या असतात, तिला पोटातला गर्भ मुलीचा आहे की मुलाचा हे सोनोग्राफीने कळलेलंच नसतं. तिला दिवस गेले आहेत आणि तिला ते नको आहेत, एवढीच तिची अडचण. मुली वाचवायच्या म्हणून आपण तिची वाट अडवली, आणि ती कुठे जाते? ज्याच्यावर छापा पडायला हवा होता, त्याच डॉक्टरकडे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी तर सुचवलं होतं, की प्रत्येक गर्भाचं लिंग सुरुवातीलाच नोंदवावं आणि बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावं. म्हणजे डॉक्टर सुटला आणि पाळत आली बाईवर. सुदैवाने ते सूचनेपलीकडे गेलं नाही.

दुसरीकडे, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवायला बंदी घालण्याचा नियम महाराष्ट्राने केला. सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मांना तो लागू झाला. दोनच मुलं आणि त्यांत एक मुलगा हवाच, असं ज्या घरात ठरलं आहे, तिथे या नियमाने काय घडत असेल याचा विचार करा. एका खात्याने मुलगी वाचवा म्हणायचं आणि दुसऱ्याने ती जन्माला येण्याची जागाच कमी करायची, असा हा कारभार.

आम्हाला हवं आहे ते एवढंच : सोनोग्राफी केंद्राची तपासणी काटेकोर व्हावी, आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला औषध दुकानात गोळ्या मिळाव्यात. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. १९८६ला मुंबईच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बायकांना हे माहीत होतं.