दुसरा शनिवार, पाच वाजता

(दृश्य: डोंबिवली पूर्वेतल्या एका शाळेचं सभागृह. खुर्च्या मांडल्याचा आवाज.)

महिन्यातला दुसरा शनिवार. कार्यक्रम पाचचा, पण साडेचारलाच निम्म्या खुर्च्या भरल्यात. पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर कुणी बसत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी त्या राखलेल्या. मागच्या टेबलावर चहाचे दोन थर्मास. एकाच्या कडीला लाल दोरा बांधलाय, तो बिनसाखरेचा. शेजारी हजेरीची वही आणि वहीला सुतळीने अडकवलेलं पेन.

आधी हे सगळे पहिल्या मजल्यावर जमायचे. जिना चढवेना म्हणून दोघंजण यायचे थांबले, तेव्हा अख्खा कार्यक्रमच खाली आणला.

हा एक ज्येष्ठ नागरिक संघ. महाराष्ट्रात शहरांतून, तालुक्याच्या गावांतून असे पुष्कळ संघ आहेत. फेस्कॉम हा त्यांचा महासंघ. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात साठी ओलांडलेले एक कोटीहून जास्त लोक होते, म्हणजे साधारण दर दहा माणसांत एक. आकडा वाचून पुढे जाता येतं. घरात तो माणूस असला की जाता येत नाही.

माझे वडील निवृत्त झाले त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी सात चाळीसला इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे. लोकलची वेळ होती ती. मग गॅलरीत जाऊन बसायचे. आम्ही त्यांना म्हणायचो, बाबा, आता आराम करा. आज वाटतं, आम्ही चुकीचं बोलत होतो. त्यांना आराम नको होता. आपल्याला जे येतं ते कुणीतरी विचारावं, एवढंच हवं होतं. ते आम्ही कधी विचारलं नाही.

(दृश्य: फळ्यावर खडूने काढलेली एक तिरकी रेघ.)

आजचे वक्ते बाहेरून आलेले नाहीत. गेली सहा वर्षं ते याच सभागृहात तिसऱ्या रांगेत बसतात. रेल्वेत इंजिन चालवायचे, त्यातली बरीच वर्षं घाटात. विषय फळ्यावर लिहिलाय: ‘बोरघाट, गाडी आणि मी’.

काका आधी फळ्यावर घाट काढतात. खाली कर्जत, वर लोणावळा. अंतर जेमतेम २८ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण ५५० मीटर वर चढते. सगळ्यात अवघड चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची इंजिनं ढकलतात. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि गाडी पुण्याकडे जाते.

इथपर्यंत काका कागदावर बघून बोलत होते. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

“चढण्याची भीती नसते हो. चढताना गाडी थांबली, तर थांबली. भीती उतरण्याची. तिथे थांबवायची म्हटलं तर थांबली पाहिजे.”

म्हणून उतरताना गाडीला मंकी हिलला, ठाकूरवाडीला थांबावं लागतं. प्रवाशाला वाटतं उगाच थांबवली. तिथे ब्रेक धरतायत की नाही, हे बघतात. आणि समजा नाहीच धरले, तर मुख्य मार्गाच्या बाजूला वर चढत गेलेला एक रूळ असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सुटलेली गाडी त्या रुळावर वळवली की चढावर तिचा वेग मरतो. काका हाताने दाखवतात: तळवा उतरत येतो, बाजूला वळतो, हळूहळू वर चढतो आणि थांबतो. सभागृहात चिडीचूप. इथले बहुतेक सगळे त्या घाटातून शेकडो वेळा गेलेत, कर्जतचा वडा खात, खिडकीतून धबधबे बघत.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, पावसात रात्री कसं दिसायचं?

“दिसायचं नाही. घाट पाठ होता.”

हे ऐकताना काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कशा बसल्या होत्या ते आमच्या कॅमेऱ्याने टिपलंय. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी डबा भरून दिला. घाटाची ड्यूटी असली की डबा अर्धा परत यायचा. मला वाटायचं, भाजी आवडली नसेल.”

(दृश्य: सभागृहातल्या भिंतीवर लावलेले जुन्या कार्यक्रमांचे फोटो.)

वक्त्याला ऐकायला जमणं आपल्याला नवं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला जाणं ही तिथल्या कितीतरी घरांची रीतच होऊन गेली. पण तिथे व्यासपीठ वेगळं आणि श्रोते वेगळे.

निवृत्तांच्या शिक्षणाचा वेगळा विचार युरोपात झाला. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर वेला या प्राध्यापकांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ काढलं. शिकण्याचं पहिलं वय, नोकरी-संसाराचं दुसरं, आणि त्या जबाबदाऱ्या उतरल्यानंतरचं तिसरं. तिथे शिकवायला विद्यापीठातलेच प्राध्यापक असत. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना इंग्लंडमध्ये केंब्रिजला पोहोचली आणि पीटर लॅसलेट, मायकेल यंग, एरिक मिडविंटर या तिघांनी तिला वेगळं वळण दिलं. परीक्षा नाही, पदवी नाही, पगारी शिक्षक नाही. सभासदांनीच सभासदांना शिकवायचं. आज जो शिकवतो तो उद्या बाकावर. आज ब्रिटनमध्ये अशी हजाराच्या आसपास मंडळं आहेत.

डोंबिवलीच्या या संघात केंब्रिजचं नाव कुणी काढत नाही. इथे निमित्त साधं होतं. एका शनिवारी यायचे होते ते पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत. मग टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांना उभं केलं. ते तार कशी पाठवायचे, वाईट बातमीची तार आली की घराचं दार कसं वाजवायचे, हे सांगत गेले. पाऊण तास झाला तरी लोक उठेनात. तेव्हापासून वर्षातले निम्मे शनिवार सभासदांचे. बाकीच्या शनिवारी बाहेरचे वक्ते येतात: गुडघ्यांवर डॉक्टर, मृत्युपत्रावर वकील, फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर बँकेतलं कुणीतरी. तेही हवंच. पण त्या व्याख्यानांत इथली माणसं रुग्ण असतात, ग्राहक असतात. सभासदाच्या व्याख्यानात ती जाणकार असतात. मला हा फरक फार मोठा वाटतो.

(दृश्य: संक्रांतीचा कार्यक्रम. तिळगुळाचं ताट, हलव्याचे दागिने घातलेलं कुणाचंतरी नातवंड.)

व्याख्यानांच्या जोडीला सणवार आहेत. कोजागरीला गच्चीवर आटीव दूध, श्रावणात एक दिवसाची सहल, दर महिन्याला त्या महिन्यातल्या सगळ्यांचा एकत्र वाढदिवस. यातला संक्रांतीचा कार्यक्रम मात्र थांबून बघण्यासारखा आहे.

पूर्वी इथे हळदीकुंकू व्हायचं. त्या दिवशी ज्यांचे यजमान गेलेत अशा बायका घरीच राहायच्या. कुणी त्यांना येऊ नका म्हणत नव्हतं, आणि याच असंही म्हणत नव्हतं. मग बायकांनीच ठरवलं, नाव बदलायचं. आता तो तिळगूळ समारंभ असतो. दारात उभी असलेली बाई येणाऱ्या प्रत्येकीला गजरा देते, न विचारता. हे बघा, या मावशींनी गजरा हातात घेतलाय आणि त्या नुसत्याच उभ्या आहेत. मागची बाई पुढे होते, तो त्यांच्या केसांत माळते. दोघी काहीही बोलत नाहीत.

(दृश्य: हजेरीची वही. पानं उलटणारा हात.)

ही वही सांभाळणाऱ्या ताई बँकेत होत्या. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो घरबसल्याही देता येतो. तरी बोटांचे ठसे झिजलेले, फोनची सवय नाही, म्हणून अनेकांना कुणीतरी शेजारी बसायला लागतं. त्या महिन्यात ताई व्याख्यानाच्या आधी तासभर हेच काम करत बसतात. बाकीच्या अकरा महिन्यांचं काम त्यांच्या वहीत आहे. सलग दोन शनिवार सही दिसली नाही, की त्या नावापुढे पेन्सिलीने टिंब येतं आणि त्या आठवड्यात कुणीतरी त्या घरची बेल वाजवतं. एकदा अशीच बेल वाजवली तेव्हा आतले आजोबा चार दिवस तापात होते आणि मुलाला परदेशात कळवायला नको म्हणून गप्प होते.

(दृश्य: एका चाळीतलं स्वयंपाकघर. जमिनीवर पसरलेली गोधडी.)

पुढच्या महिन्याच्या व्याख्यात्या या आजी. वय ७४. कधी नोकरी केली नाही. संघात नाव सुचवलं तेव्हा म्हणाल्या, “मी काय सांगणार? मी तर अजून रिटायरच झाले नाही.” विषय त्यांचाच: गोधडी.

सरावासाठी त्या आम्हाला दाखवतायत. खाली-वर चांगली लुगडी, मध्ये जुनी, विरलेली. टाके कडेपासून घालत यायचं, फिरत फिरत मध्यापर्यंत. कापड ताणून धरायला डाव्या हाताचा अंगठा. त्या अंगठ्याला घट्टा पडलाय. अगदी मध्यभागी शेवटची जागा उरली की त्यांच्याकडे आत पोळीचा बारीकसा घास ठेवतात आणि मग शिवून टाकतात. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून.

“हे सांगू का तिथे? घासाचं?” त्या विचारतात. “हसतील ना?”

शेजारी पाटावर नातीच्या वहीचं एक पान आहे. वर शीर्षक, खाली रेघ. ‘आदरणीय अध्यक्ष महोदय’ हे दोनदा लिहून खोडलंय. त्याखाली तिसऱ्यांदा सुरुवात केलीय, मोठ्या, सुट्या अक्षरांत: ‘हे पहिलं लुगडं माझ्या आईचं.’