लाख कोटीला एक शब्द आहे!

नमस्कार! २०२५-२६चा केंद्रीय अर्थसंकल्प आठवतोय? साधारण ५०.६५ लाख कोटी रुपयांचा. हे 'लाख कोटी' ऐकलं की मला दर वेळी चुटपुट लागते. कोटीच्या पुढे आपल्याकडे शब्दच नाहीत, असं वाटायला लागतं. आहेत हो, भरपूर आहेत!

हे बघा, फळ्यावर लाख कोटी लिहितो. एकावर बारा शून्यं. स्वल्पविराम आपले, उजवीकडून आधी तीन आकडे, मग दोन-दोन: १०,००,००,००,००,०००. आता उजवीकडून एकेका घरावर बोट ठेवत माझ्याबरोबर म्हणा. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. पोचलो. लाख कोटी म्हणजे एक महापद्म. पुढचं घर शंकूचं, म्हणजे तो अर्थसंकल्प झाला पाच शंकूंहून थोडा जास्त.

ही नावं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली, साल ११५०. शंकूनंतर जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. एकूण अठरा घरं, आणि प्रत्येक घराला स्वतःचं नाव. मिलियन, बिलियनमध्ये नवं नाव तीन घरांनी येतं, मधली घरं बिननावाची. शिवाय भास्कराचार्य श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. 'व्यवहारार्थं कृताः पूर्वैः', पूर्वजांनी व्यवहारासाठी केलेली नावं, असं सरळ सांगतात. मला ही ओळ फार आवडते.

आता एक सावधगिरी, विशेषतः भाषांतर करणाऱ्यांसाठी. मराठीतला अब्ज आजही 'लीलावती'तल्याच घरात आहे, शंभर कोटी. हिंदीत शंभर कोटींना म्हणतात अरब. हा शब्द आला अर्बुदावरून, पण अर्बुद होतं दहा कोटी. म्हणजे शब्द एक घर पुढे सरकला! खरबचंही तेच. हिंदीतला खरब म्हणजे दहा हजार कोटी, आपला खर्व म्हणजे एक हजार कोटी. हिंदी बातमीतल्या खरबचं मराठीत खर्व केलंत, की एक शून्य गळालंच. तिथे निखर्व लिहायचं, किंवा सरळ शंभर अब्ज.

ही सरकासरक जुनीच आहे बरं का. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतही अशी यादी आहे. तिथे अयुतानंतर नियुत, मग प्रयुत, आणि लगेच अर्बुद. त्या यादीत अर्बुद म्हणजे एक कोटी, आणि परार्ध बारा शून्यांवरच येतो, आपल्या महापद्माच्या घरात! म्हणून जुन्या पोथीत अर्बुद दिसलं, तर शून्यं मांडण्याआधी पोथी कोणती ते बघा.