चित्रातली बिननावाची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून चित्रांबद्दल बोलायचं, तर चित्र आधी शब्दांत उभं करायला हवं. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात साडेआठ फुटांहून उंच असा एक कॅनव्हास आहे. त्यावर एक स्त्री उभी आहे. पानांखेरीज अंगावर काही नाही. पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला, आणि त्या टोपलीतून माणसाचं तुटकं पाऊल डोकावतंय. हातातही माणसाचाच तोडलेला हात. पायाशी कुत्रा, आणि मागे दूरवर हत्यारं घेतलेली माणसं.

चित्रावर साल आहे 1641. चित्रकार आल्बर्ट एकहाउट. ईशान्य ब्राझील तेव्हा डच वेस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होता आणि 1637 ते 1644 या काळात योहान माउरिट्स तिथला गव्हर्नर होता. त्याने चित्रकार आणि निसर्गाचे अभ्यासक पदरी बाळगले. कंपनीला मात्र हवी होती साखर.

आता तिच्याच जोडीचं दुसरं चित्र. ही तुपी या तिथल्याच आदिवासी समूहातली स्त्री. कमरेला पांढरं वस्त्र, कडेवर मूल, डोक्यावर टोपली. तिच्या मागे डोंगररान नाही, मळा आहे. नीट लावलेली झाडं, मोठं घर, कामाला लागलेली माणसं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की अर्थ सांगावा लागत नाही: ही आमच्या मळ्यावर आली म्हणून सुधारली, ती रानात राहिली म्हणून माणसं खाते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्या पहिल्या स्त्रीच्या लोकांना डच ‘तापुया’ म्हणत. ते तारायरिउ जमातीचे होते आणि पोर्तुगीजांविरुद्धच्या लढायांत डचांचे मित्र होते. ते आपल्याच मृतांचं मांस खातात, असं त्या काळच्या डच नोंदी सांगतात, आणि सांगतात ते शोकविधी म्हणून. चित्रात शोक कुठेच नाही. तुटका हात आणि पाऊल तेवढं आहे, बाजारातून आणल्यासारखं.

एकहाउटची नजर खोटी नव्हती, म्हणून तर हे जास्त बोचतं. तापुया पुरुषाच्या गालांत खोवलेले दागिने आणि हातातलं भाला फेकायचं साधन त्याने जवळून पाहून रंगवलंय. आणखी एका चित्रात संमिश्र वंशाची तरुणी काजूच्या झाडाखाली उभी आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलं आणि पुढे आपल्या कोकणानं आपलंसं केलं, तेच हे झाड.

याच्या आधी 1592 मध्ये फ्रँकफर्टला तेओडोर द ब्री या कोरीवकाराने तुपिनांबा या ब्राझीलमधल्या आदिवासींची कोरीव चित्रं छापली होती. अटलांटिक त्याने कधी ओलांडलाच नाही. तुपिनांबांच्या कैदेत राहिलेल्या हान्स श्टाडेन या जर्मन तोफचीच्या 1557 च्या पुस्तकातली ओबडधोबड लाकूडठशाची चित्रं त्याने समोर ठेवली आणि त्यांतल्या माणसांना ग्रीक-रोमन पुतळ्यांची शरीरं दिली. द ब्रीची अतिशयोक्ती आज कुणालाही ओळखता येते. एकहाउटच्या बाबतीत ते अवघड जातं, कारण तपशील खरे आणि मांडणी मालकाची.

माउरिट्सने 1654 मध्ये ही चित्रं डेन्मार्कच्या राजाला भेट दिली. त्यांतल्या एकाही माणसाचं नाव कॅनव्हासवर नाही.

नावं नव्हती असं मात्र नाही. 1645 मध्ये, म्हणजे या चित्रांनंतर चारच वर्षांनी, पोतिगुआरा या तुपी भाषा बोलणाऱ्या आदिवासींच्या दोन पुढाऱ्यांमध्ये पत्रव्यवहार झाला, तोही तुपी भाषेत. फेलिपे कामारांउ पोर्तुगीजांच्या बाजूने लढत होता, त्याचा नातलग पेद्रो पोती डचांच्या. कामारांउ पोतीला डचांची साथ सोडून ये म्हणून विनवत होता. पोती बधला नाही. तो स्वतः तरुणपणी हॉलंडमध्ये राहून शिकला होता. एकमेकांच्या शत्रूंशी हातमिळवणी केलेली, लिहिती-वाचती, आपापला निर्णय घेणारी ही माणसं. एकहाउटच्या चित्रांतल्या दोन टोकांपैकी कुठेही ती बसत नाहीत.

ती पत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. एकहाउटच्या चित्रांवर पुस्तकं निघतात, प्रदर्शनं भरतात. माझं म्हणणं आहे, प्रत्येक प्रदर्शनात त्या तुपी स्त्रीच्या शेजारी यांतलं एक तरी पत्र लावा, भाषांतरासकट.