परसभर पाणी

(लातूर जिल्हा, औसा तालुक्यातलं एक शिवार. मे महिन्यातली सकाळ. कॅमेरा विहिरीच्या काठावरून आत वाकतो.)

"आबा, पाणी किती हाय?"
"परसभर आसंल."
"मोटार किती येळ चालंल?"
"दोन तास. मग हवा धरतीय."

विचारलं होतं पाण्याचं आकारमान. आबांनी आधी सांगितली लांबी, मग सांगितला वेळ. तरी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. विहिरीची रुंदी आणि मोटारीचं पाणी त्यांना ठाऊक आहे, म्हणून उरलेलं बोलावं लागलं नाही. आपण ते मांडून बघू.

परस म्हणजे पुरुषभर उंची, धरा १.७ मीटर. विहिरीचा व्यास २० फूट, म्हणजे ६ मीटर, त्रिज्या ३. पायची किंमत सरळ ३ घ्या. इथं दशांश चिन्हापुढचे आकडे मिरवण्यात अर्थ नाही. तीन गुणिले तीन गुणिले तीन, २७ चौरस मीटर. त्याला १.७ ने गुणलं की ४६ घनमीटर, म्हणजे ४६ हजार लिटर.

(मोटार सुरू होते. पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम.)

आता दुसऱ्या वाटेनं. ड्रम भरायला ३३ सेकंद लागले. सेकंदाला ६ लिटर. दोन तासांचे ७२०० सेकंद. आलं ४३ हजार लिटर.

एक हिशेब लांबीचा, दुसरा वेळेचा, आणि दोघांची गाठ जवळपास एकाच आकड्यावर पडली. अंदाजावर भरवसा बसतो तो अशा वेळी. १० हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर चार की पाच, एवढ्यात चूक होईल. चाळीस मात्र नाहीत, हे नक्की. जपायचं ते व्यासाला. २० फुटांच्या जागी २५ धरले, तर पाणी दीडपटीहून जास्त दिसतं, कारण त्रिज्या दोनदा गुणली जाते.

(जुनी छायाचित्रं: रेल्वेच्या वाघिणी, घागरींच्या रांगा.)

४६ हजारांचा हा आकडा लातूरकरांच्या ओळखीचा निघेल. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. एका वाघिणीत ५० हजार. म्हणजे आबांच्या विहिरीतलं परसभर पाणी! पुढे गाडी ५० वाघिणींची झाली, २५ लाख लिटरची. लोकांनी फलाटावर डोळे भरून पाहिली ती. पण शहराची वस्ती ४ लाखांच्या घरातली. भागून बघा: माणशी ६ लिटर. आंघोळीची बादलीही भरत नाही.

(तापलेलं काळं रान. लांबवर ओढ्याची कोरडी रेघ.)

आता रानाकडे वळू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, जवळजवळ १०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर होतो. म्हणजे गुंठ्याला १०० लिटर. मराठवाड्यात बऱ्या वर्षी साधारण ७०० मिलिमीटर पडतो, तर गुंठ्यावर ७० हजार लिटर. आणि ४० गुंठ्यांचा एकर? २८ लाख.

हे मी तीनदा तपासलं. एका एकरावर वर्षभरात पडणारं पाणी त्या ५० वाघिणींच्या गाडीहून जास्त भरतं. ते सगळं हाती लागत नाही. काही उन्हानं उडतं, काही पिकं पितात, काही मुरतं. दुष्काळात पाऊस निम्म्यावर आला, तरी १४ लाख उरतात. टँकर १४०.

आबांचं रान पाच एकर. त्यांना सांगितलं, साडेपाच गाड्या पाणी पडतं तुमच्या रानात.

आबा बराच वेळ बांधाकडे बघत राहिले. मग काठीनं ओढ्याची रेघ दाखवली.

"लई पानी तिकडनं जातंय. दोन ठिकाणी बांध फुटलाय. पेरणीआधी घालाया पायजे."