साडी उजेडात बघणारं गिऱ्हाईक

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका इथले इतके दुकानदार दुपारची झोप सोडून आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय आहे दुकानाला नवं रूप देण्याचा. बऱ्याच जणांच्या खिशात इंटिरियरवाल्याचं कोटेशन असणार: पीओपीचं सिलिंग, नवी सनमायका, काचेचं दार. ते तूर्त खिशातच असू द्या. पहिला पैसा दिव्यांवर घाला, फर्निचरचं शेवटी बघू, एवढंच मला आज सांगायचंय.

साडीच्या दुकानात रोज काय घडतं? ताईंना साडी आवडते, पदर हातात घेतात आणि विचारतात, "जरा बाहेर उजेडात बघू का?" मग त्या पायरीवर, मागे आपला मुलगा, आणि फुटपाथवरची गर्दी दोघांना धक्के देतेय. आपण म्हणतो, गिऱ्हाईक फार चिकित्सक. अहो, तिने तुमच्या दिव्यांना नापास केलंय!

एलईडी घेताना आपण वॉट विचारतो आणि भाव विचारतो. आणखी दोन आकडे बघायचे असतात. एक केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळट की निळसर ते सांगणारा. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे ६५०० सर्रास लावतात, कारण दुकान लख्ख दिसतं. लख्ख दिसतं खरं, पण जरीचं सोनं त्यात फिकं पडतं आणि माणसांचे चेहरे आजारी वाटतात. कापडाला, दागिन्यांना ३००० ते ४००० च्या दरम्यान राहा.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. कमाल १००. बाजारातला साधा दिवा ८० च्या आसपास असतो. आता यातली गोम ऐका. हा आकडा आठ फिकट रंगछटांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन. म्हणून ८० च्या दिव्याखाली बाकी सगळं ठीक दिसतं आणि कुंकवाच्या रंगाचा शालू मात्र मातकट होतो. लग्नसराईत आपला धंदा तर लालवरच चालतो! सीआरआय ९० च्या वरचा मागा, आर-नाइन निदान ५० असावा. दिवे विकणारा तोंडाकडे बघत राहिला, तर दुसऱ्या दुकानात जा.

मॅचिंग सेंटरवाल्यांना तर हे दुप्पट लागू. ब्लाउजपीस आणि साडी वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली असतात. एका दिव्याखाली ती जुळतात, उन्हात फारकत घेतात. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणजे "दुकानात तर मॅच होत होतं" म्हणून भांडायला आलेल्या काकू खोटं बोलत नसतात. काउंटरवर एक चांगला दिवा फक्त जुळवणीसाठी ठेवा, निम्मी भांडणं मिटतील.

दिवे कुठे लावता तेही बघा. छताला मधोमध पॅनल बसवले की फरशी उजळते, आणि फरशी आपण विकत नाही. उजेड फळ्यांवर, पुतळ्यांवर पडला पाहिजे. ट्रायल रूममध्ये डोक्यावर एकच दिवा असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात, माणूस स्वतःवरच नाराज होऊन कपडा परत देतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे द्या. आणि दारापाशी आतल्यापेक्षा जास्त उजेड ठेवा. भर उन्हातून आलेल्या डोळ्यांना नीट दिसायला वेळ लागतो. तोवर तुमचं दुकान अंधारं असल्याचा शिक्का बसलेला असतो.

आता बाहेर या. समोरच्या फुटपाथवर उभे राहून स्वतःच्या दुकानाकडे बघा. काचेवर क्यूआर कोडचे जुने स्टिकर, गेल्या वर्षीचा सेल, "मुली पाहिजेत" असा कागद. खरवडून काढा, फुकटचं काम आहे. पाटीचं म्हणाल तर राज्याच्या दुकाने कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. पण कायद्याचं पालन म्हणून अक्षरं नुसती कोंबू नका. देवनागरीला वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा लागते. इंग्रजीच्या मापाची पट्टी दिली की पाटीवाला अक्षर दाबून बसवतो, आणि रस्त्याच्या पलीकडून नाव लागत नाही.

फर्निचरबद्दल एकच सांगतो: गादी काढू नका. मॉलचं बघून कित्येकांनी बैठक मोडून रॅक लावले. पांढऱ्या चादरीवर साडी उलगडली की रंग उठून दिसतो, आजी टेकून बसतात, आणि बसलेलं गिऱ्हाईक चार साड्या जास्त बघतं. मॉलला हे जमत नाही.

वेळापत्रकाचं बोलू. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून सगळे रंगारी तेव्हाच बोलावतात. पण ठाण्याच्या पावसानंतर भिंतीत ओल असते. त्यावर रंग दिला की दिवाळीपर्यंत पोपडे आलेच. त्या पंधरवड्यात दिवे बदला, माळा रिकामा करा, काचा साफ करा. रंग दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. गळती असेल, तर तिचं काम उन्हाळ्यातच उरका. आता विचारा, कोणाला काय विचारायचंय ते.