कागदावर शिवलेले हंस

नमस्कार श्रोतेहो.

शिवणाऱ्या बाईच्या घरी एक बोचकं असतंच. टेलरकडून परत आलेली खणाची वीतभर पट्टी, झबल्यातून उरलेलं पोपलिन, जुन्या सदऱ्याची बाही. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही, कारण प्रत्येक तुकड्याची तऱ्हा वेगळी. खणाचे धागे सुटतात, रेशीम घसरतं आणि उरेब, म्हणजे तिरपा, कापलेला तुकडा तर मशीनखाली नुसता ताणत जातो. अशांना एकत्र नांदवायचं तर खाली कागद घ्यावा.

युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१८ साल टाचलेलं एक रेशमी पांघरूण जपून ठेवलं आहे. त्यात रेशमाचे तुकडे कागदाच्या साच्यांवर दुमडून हाताने जोडलेत आणि ते कागद आजही आत आहेत. आज मी सांगणार आहे तो प्रकार याहून वेगळा: कागदावर नक्षी छापायची आणि मशीनने थेट त्या रेघेवरच शिवत जायचं. मोजमाप सगळं कागद सांभाळतो, कापडाकडून शिस्तीची अपेक्षाच नाही.

पहिल्या खेपेला उडत्या हंसांची पट्टी करा. मधला मोठा त्रिकोण म्हणजे हंस, त्याच्या दोन्ही खांद्यांवरचे छोटे त्रिकोण म्हणजे आकाश. एक हंस चार इंच रुंद, दोन इंच उंच. डावी-उजवी बाजू सारखी असल्यामुळे नक्षी उलटी येण्याची भीती नाही. एरवी या पद्धतीत छापलेल्या चित्राचं कापडावर आरशातलं रूप उमटतं.

कागद पातळ घ्या, रफ वहीचा चालेल. वर्तमानपत्र नको, फिक्या कापडाला शाई लागते. मशीनला चौदा नंबरची सुई लावा आणि टाका बारीक करा, इंचाला सोळा-सतरा. त्याने कागदाला एकमेकांलगत भोकं पडतात आणि तो पुढे सहज फाटतो.

आता नीट ऐका, सगळी गंमत इथे आहे. रेघा तुमच्याकडे, कापड कागदाच्या मागे. हंसाचा तुकडा सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठा घ्या, उलट बाजू कागदाला लावून टाचणी मारा, उजेडात धरून बघा. मग पहिल्या रेघेवर कागद दुमडा आणि बाहेर आलेलं कापड पाव इंच ठेवून कापा. त्या कडेला आकाशाचा तुकडा जुळवा, सुलट बाजूवर सुलट. शिवण्याआधी टाचणी लावून तो एकदा उलगडून बघाच! त्रिकोण पुरता झाकला जात नसेल तर आत्ताच कळेल. नाहीतर इतके बारीक टाके उसवत बसावं लागतं. मग कागद सरळ करा, रेघेच्या दोन टाके अलीकडून दोन टाके पलीकडे शिवा, तुकडा उलगडा, इस्त्री फिरवा. दुसरा खांदा तसाच. हंसाच्या टोकावरून जाणाऱ्या रेघेवर पुढच्या हंसाचं कापड लावायचं, की पट्टी वाढत जाते.

रंग जुळवायच्या फंदात फार पडू नका असं माझं मत आहे. हंस सगळे गडद, आकाश सगळं फिकं, एवढं पाळलं की कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणि शाळेच्या गणवेशाचं निळं कापड शेजारी शेजारी छान बसतात. गडद-फिकं ठरेना तर डोळे बारीक करून बघा. जॉर्जेट, नायलॉन मात्र बोचक्यातच राहू द्या, गरम इस्त्रीखाली आकसतात.

पट्टी पुरी झाली की चारही कडा बाहेरच्या रेघेवर छाटा. कागद काढायची घाई करू नका, कडेला उरेब तुकडा असेल तर तो ताणेल. शेजारची पट्टी जोडून झाली की मगच शिवणीवर घडी घालून कागद फाडा, कोपऱ्यातले कपटे चिमट्याने काढा. गोधडीच्या काठाला लावणार असाल तर धावदोरा घालण्याआधीच कागद निघालेला हवा.

आणि हो, लाल खण शिवायला घेण्याआधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग सुटला तर पुन्हा धुवा, तरीही सुटत राहिला तर त्याला दुसऱ्या कामाला लावा. नमस्कार.