काजू तिथला, गर इथला

(गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, संपादित)

मंडळी, श्रीमंत देश आणि गरीब देश हा विषय मोठा आहे. मी काजूपासून सुरुवात करतो. इथं बसलेल्या कितीतरी जणांकडे काजूचं भाट, म्हणजे बागायत, आहे, आणि काहींच्या घरातल्या बायका काजूच्या कारखान्यात जातात.

मध्यंतरी डिचोलीकडच्या एका कारखान्यात एका मावशींजवळ तासभर बसलो होतो. उकडलेली बी पात्याखाली धरायची, पायानं दाब द्यायचा, टरफल फुटलं की आतला गर अख्खा सोडवायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून हाताला एरंडेल चोपडलेलं, तरी बोटांची टोकं काळीच. गर दुभंगला की पाकळी झाली, भाव उतरला. ‘डब्ल्यू 320’ म्हणजे एका पौंडात साधारण 320 गर भरतील असा दर्जा. मावशींना तो नुसत्या नजरेनं कळतो. बाजूला आफ्रिकेतून आलेल्या बियांची पोती होती. त्यांकडे बघत त्या म्हणाल्या, “तिथं एवढा काजू पिकतो, मग ते लोक तिथंच का फोडत नाहीत?”

त्याचं उत्तर शोधायला आफ्रिकेतल्या मोझांबिकला जावं लागतं. 1752 पर्यंत त्या मुलखाचा कारभार गोव्यातून चालायचा. ब्राझीलचं काजूचं झाड पोर्तुगिजांनी जसं इथं आणलं तसं तिथंही नेलं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात मोझांबिक जगात आघाडीवर होता. 1975 ला स्वातंत्र्य आलं, आणि पाठोपाठ यादवी, ती थेट 1992 पर्यंत. युद्ध संपलं तेव्हा देश कर्जात बुडालेला. बी देशातच फुटावी म्हणून सरकार कच्च्या काजूच्या निर्यातीवर कर घेत असे. जागतिक बँकेनं कर्ज देताना अट घातली की हा कर उतरवा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला. कच्ची बी जहाजं भरभरून भारतात आली, मोझांबिकमधले कारखाने बंद पडत गेले, हजारो कामगार घरी बसले. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात जादा पडले ते फार तर 5.30 डॉलर. दिवसाला नव्हे, वर्षाला!

यात फायदा आपल्या देशाचा झाला, हेही मोकळेपणानं बोललं पाहिजे. ती अट आपण घातली नव्हती, पण त्या बियांवर आपल्याकडची चूल पेटली. दोन देशांतली दरी मला महत्त्वाची वाटते ती इथं. कर्जदार देश बोलणी करायला बसतो तेव्हा स्वतःच्या झाडाच्या बीचं काय करायचं, हेसुद्धा त्याच्या हातात उरत नाही. आणि त्याची झळ बसते ती करारावर सही करणाऱ्यांना नव्हे, टरफलं फोडणाऱ्या बाईला.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. गोवा मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथं जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढतात. त्या पासपोर्टावर 2020 अखेरपर्यंत इंग्लंडात जाऊन मोकळेपणानं काम करता येई. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली कितीतरी घरं कुलूपबंद आहेत, तेव्हा गेलेली माणसं इंग्लंडात स्विंडन शहरात. इथं गोदामात खोकी उचलणारा मुलगा तिथंही खोकीच उचलतो. हात तेच, पाठ तीच, बदलला तो कागद, आणि मजुरी कितीतरी पटींनी वाढली. जगातल्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो त्याचा निम्म्याहून मोठा भाग माणूस कुठल्या देशात राहतो यावरच ठरतो, असं अर्थतज्ज्ञ ब्रांको मिलानोविच यांनी दाखवून दिलं आहे. आपल्या पोरांना आजोबांच्या जन्मतारखेनं दार उघडून दिलं. इथल्या त्याच गोदामात उभ्या असलेल्या झारखंडच्या पोराकडे असा आजोबा नाही. त्यानं कष्टात कुठं कसूर केली, ते मला कुणीतरी सांगावं.

मोझांबिकनं पुढे तो निर्यातकर पुन्हा वाढवला. उत्तरेकडच्या नामपुला प्रांतात लहान लहान कारखाने उभे राहिले, आणि बायका पुन्हा काजू फोडायला बसल्या. पुढच्या खेपेला डिचोलीला जाईन तेव्हा मावशींना हे सांगायचं आहे.